ऑनलाइन लिलावात शेवटच्या क्षणी बोली लावणे : कितपत फायद्याचे आणि कितपत योग्य?

केतकी_लेस्टर

नमस्कार. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांतली मुंबई, पुणे, माथेरान आणि महाबळेश्वर यांची चित्रपोस्टकार्डे मी ईबेच्या ब्रिटनमधील संकेतस्थळावरून बरीच वर्षे विकत घेत आले आहे. त्या काळी हिंदुस्थानात नोकरीला गेलेल्या साहेबांनी घरी पाठवलेली ही कार्डे इथल्या घरांच्या माळ्यांवरून अजूनही निघतात. व्हिक्टोरिया टर्मिनसचे कार्ड हवे तेव्हा मिळते, कारण ते अमाप छापले गेले होते; पण एखाद्या लहान बाजारपेठेचे, नदीच्या घाटाचे किंवा लष्करी छावणीचे कार्ड क्वचितच दिसते आणि त्यावर बोली लावणारे दोन-चार जण ठरलेलेच असतात.

अशा दुर्मीळ कार्डावर आठवडाभर कोणी फिरकत नाही आणि लिलाव संपायला दहा-पंधरा सेकंद उरली की एकदम तीन बोल्या येऊन पडतात. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आपण आपली कमाल रक्कम एकदा सांगितली की ईबे गरजेपुरती बोली आपोआप वाढवत नेते. असे असताना ती रक्कम सोमवारी सांगितली काय आणि रविवारी रात्री सांगितली काय, फरक का पडावा? आणि दुसरे असे की, समोरच्याला उत्तर द्यायला वेळच न ठेवणे हे सभ्यपणाला धरून आहे का?

गणिती

तुमच्या पहिल्या प्रश्नात 'सगळे बोली लावणारे तुमच्यासारखेच वागतात' हे गृहीत धरलेले आहे. प्रत्येकाने आपली खरी कमाल रक्कम एकदाच सांगून गप्प बसायचे ठरवले, तर वेळेने खरोखरच काही फरक पडणार नाही. जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी (बोली वाढवण्याची ठरलेली किमान रक्कम) जास्त देतो, म्हणजे व्यवहारात तो जवळजवळ दुसऱ्याची किंमत देतो. या पद्धतीच्या बंद लिफाफ्यातल्या लिलावाचे विवेचन विल्यम विकरी यांनी १९६१ साली केले. अशा लिलावात वस्तूची आपल्याला वाटणारी खरी किंमत सांगण्यातच आपले हित असते, कमी सांगून काही वाचत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

परंतु ईबेवरची सगळी माणसे अशी वागत नाहीत. समजा, एका कार्डासाठी तुमची कमाल रक्कम ४० पौंड आहे आणि दुसऱ्या एका गृहस्थाने २८ पौंड सांगितले आहेत. या टप्प्यात पायरी एक पौंडाची असते, म्हणून किंमत २९ वर थांबते. तुम्ही सोमवारीच ४० सांगून ठेवले असतील, तर त्या गृहस्थाला आपण मागे पडल्याचे लगेच कळते. मग तो ३० टाकतो, ३२ टाकतो, ३५ टाकतो, कारण आता त्याला कार्डापेक्षा जिंकण्याची ओढ लागलेली असते. तुमची स्वयंचलित बोली प्रत्येक वेळी त्याला उत्तर देते आणि दरवेळी तुमचाच खर्च वाढवते. हेच ४० तुम्ही शेवटच्या आठ सेकंदांत टाकले असते, तर त्याचे २८ तिथेच राहिले असते आणि कार्ड २९ पौंडांत तुमचे झाले असते.

तात्पर्य, शेवटच्या क्षणाची बोली ही हळूहळू वाढवत नेणाऱ्यांविरुद्ध उपयोगी पडते. ज्याने आधीच ४५ सांगून ठेवले आहेत, त्याच्यापुढे ती काहीही करू शकत नाही.

शिवराई

गणिती यांचे स्पष्टीकरण अचूक आहे, पण जुन्या वस्तूंच्या बाबतीत त्याहून मोठे कारण निराळे आहे, आणि ते म्हणजे माहिती लपवणे.

मी तांब्याची नाणी जमवतो. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु अक्षरांची वळणे आणि मांडणी यांत असंख्य प्रकार आहेत, आणि सुरुवातीच्या काळातले नाणे व पेशवाईतली दुदांडी प्रकारची शिवराई यांच्या किमतीत मोठी तफावत असते. विकणाऱ्याने धूसर छायाचित्र लावून नुसते 'जुने मराठा नाणे' असे लिहिलेले असते. अशा नाण्यावर एखाद्या जाणकाराने बुधवारी बोली लावली, तर त्याच्या पाळतीवर असलेल्या इतरांना आपोआप कळते की नाणे अस्सल आहे आणि पाहण्यासारखे आहे. म्हणजे अभ्यास त्याने करायचा आणि त्याचे फळ फुकट वाटून टाकायचे, असे होते. जाणकार शेवटपर्यंत गप्प राहतात ते यासाठी.

यावर ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्या काळी ॲमेझॉनही लिलाव चालवत असे, पण तिथे नियम वेगळा होता. शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली, की लिलाव आणखी दहा मिनिटे पुढे जाई. ईबेची वेळ मात्र ठरलेली म्हणजे ठरलेली. या दोघांनी दोन्हीकडचे संगणकांचे आणि पुराण वस्तूंचे लिलाव तपासले. ईबेवरच्या पुराण वस्तूंच्या सुमारे ५९ टक्के आणि संगणकांच्या सुमारे ४० टक्के लिलावांत अखेरची बोली शेवटच्या पाच मिनिटांत आलेली होती. ॲमेझॉनवर हे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते : ईबेवर माणूस जितका अनुभवी, तितकी त्याची बोली उशिरा, ॲमेझॉनवर नेमके उलट. माणसे तीच, वस्तू त्याच, पण समाप्तीचा नियम बदलला की वागणे बदलते.

रेवती_जोग

मला हे सारे थोडे अतिरंजित वाटते. जेफ्री एली आणि तन्जिम हुसेन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डीव्हीडींवर प्रत्यक्ष बोल्या लावून पाहिल्या होत्या, काही सुरुवातीला आणि काही अगदी शेवटी. शेवटी बोली लावणाऱ्याचा फायदा झाला, नाही असे नाही. पण तो अगदीच थोडा होता. त्याचे कारणही त्यांनी दिले आहे. लवकर लावलेल्या बोलीमुळे काही स्पर्धक चिडून किंमत चढवतात हे खरे, पण काही जण 'इथे आधीच कोणी बसले आहे' असे पाहून तशाच दुसऱ्या वस्तूकडे वळतात. हे दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून काढतात.

मी ठाण्यात राहते. ब्रिटनमधला रविवार रात्री आठचा लिलाव आमच्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीड वाजता संपतो. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असताना चार पौंडांसाठी जागत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. मी माझी रक्कम सांगते आणि झोपते.

शिवराई

रेवतीताई, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण डीव्हीडी आणि शिवराई यांत फरक आहे. एकाच चित्रपटाच्या डीव्हीडी त्याच आठवड्यात कितीतरी विक्रीला असतात, म्हणून तिथे स्पर्धक दुसरीकडे वळू शकतो. केतकीताईंना हवे असलेले घाटाचे कार्ड पुन्हा कधी येईल, हे कोणीच सांगू शकत नाही. तिथे लवकर लावलेल्या बोलीने कोणी दूर जात नाही, उलट लक्ष वेधले जाते.

रेवती_जोग

हे पटले. एकुलत्या एका वस्तूच्या बाबतीत माझा युक्तिवाद लंगडा पडतो.

मोडी_वाचक

शेवटच्या क्षणाची ही झुंबड संगणकाच्या युगातली नाही, हे इथे सांगणे अस्थानी ठरणार नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा लिलाव चालत असे. बोटभर मेणबत्ती पेटवायची आणि ती विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची, त्याला माल द्यायचा. सॅम्युअल पेपिस हे तेव्हा आरमाराच्या कचेरीत अधिकारी होते आणि त्यांनी ३ सप्टेंबर १६६२ च्या रोजनिशीत जुन्या जहाजांच्या अशाच एका विक्रीची नोंद केली आहे. आरंभी माणसे बोली लावायला कशी कचरतात आणि ज्योत विझू लागली की कशी ओरडू लागतात, हे त्यांनी टिपले आहे. त्या गर्दीत एक जण इतरांपेक्षा हुशार निघाला, कारण शेवटची बोली नेमकी त्याची असे. पेपिस यांनी त्याला कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले की ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली वळतो आणि त्यावरून आपल्याला वेळ कळते.

मेणबत्तीचा शेवट नेमका ठाऊक नसल्यामुळे तिथे उशीर करण्यात जोखीम होती. ईबेवर तो सेकंदापर्यंत ठाऊक असतो, म्हणून धूर पाहण्याची विद्या आज प्रत्येकाला फुकट मिळाली आहे. लिलाव कोणत्या क्षणी संपणार हे जर कोणालाच कळू दिले नाही, तर उशिरा येणाऱ्यांची संख्या आपोआप घटेल असे मला वाटते.

केतकी_लेस्टर

सर्वांचे मनापासून आभार. मोडी_वाचक, ही नोंद मला माहीत नव्हती आणि ती वाचून फार आनंद झाला. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. नियमात बसते म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरते का?

गणिती

माझ्या मते यात गैर काही नाही. शेवटच्या सेकंदाला येणारी बोली ही प्रत्यक्षात बंद लिफाफाच असते. तुम्ही समोरच्याची रक्कम पाहून आपली ठरवत नाही आणि त्यालाही तुमची पाहू देत नाही. लिलावाची वेळ पहिल्या दिवसापासून सर्वांना दिसत असते आणि आपली कमाल रक्कम सांगून ठेवण्याची मुभाही सर्वांना सारखीच असते. ज्याने ती सांगितली आहे, त्याच्यावर शेवटच्या क्षणाच्या बोलीने कोणताही अन्याय होत नाही. ज्याने ती राखून ठेवली आणि 'मला वेळ मिळाला असता तर मी आणखी दिले असते' असे नंतर म्हटले, त्याने आपली खरी रक्कम कधी सांगितलीच नव्हती. स्वतः ईबेनेही हा प्रकार चालतो असे स्पष्ट केलेले आहे.

दप्तर_विक्री

मी विक्रेत्याच्या बाजूने लिहितो. जुने कागद, नकाशे आणि लिथो चित्रे मी अनेक वर्षे ऑनलाइन विकत आहे. खरेदीदारांनी शेवटी येण्याचे आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल आमच्या व्यवसायातले लोक मोकळेपणाने बोलत नाहीत. ते कारण म्हणजे खोट्या बोल्या.

काही विक्रेते मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या खात्यावरून स्वतःच्याच वस्तूवर बोली लावून घेतात. नियमांनुसार याला सक्त मनाई आहे, तरीही ते घडते. तुमची कमाल रक्कम आठवडाभर यंत्रणेत पडून असेल, तर असा माणूस दोन-दोन पौंडांनी चाचपत तुमच्या मर्यादेजवळ पोहोचू शकतो. शेवटच्या दहा सेकंदांत बोली आली, तर चाचपायला त्याला अवसरच मिळत नाही. म्हणून माझ्या दुकानात कोणी शेवटी बोली लावली तर मला त्याचा राग येत नाही. आमच्यातल्याच काहींच्या वर्तनाने त्याला तसे शिकवले आहे.

मात्र प्रामाणिक विक्रेत्याला यात तोटा होऊ शकतो, हेही खरे. डॅन एरिएली, ओकेनफेल्स आणि रॉथ यांनी २००५ साली प्रयोगशाळेतल्या लिलावांचे निष्कर्ष मांडले. वेळ वाढत जाणाऱ्या लिलावात विक्रेत्याला अधिक रक्कम मिळाली आणि वस्तू खरोखर जास्त किंमत देऊ इच्छिणाऱ्याकडे अधिक वेळा गेली. ईबेने हा नियम स्वीकारावा, असे मला मनापासून वाटते.

शिवराई

दप्तर_विक्री यांनी हे लिहिले, याचा आदर वाटतो.

निखिल_ओसाका

जपानमध्ये हा नियम रुळलेला आहे. याहू ऑक्शनवर विक्रेत्याने तसा पर्याय निवडला असेल, तर शेवटच्या पाच मिनिटांत बोली येताच वेळ पाच मिनिटांनी वाढते, आणि पुन्हा बोली आली की पुन्हा वाढते. जुन्या कॅमेऱ्यांच्या लिलावात मी असा अर्धा-पाऊण तास चाललेला शेवट पाहिला आहे. तिथे घाईने जिंकता येत नाही, पण दुसरा धोका असतो. दर पाच मिनिटांनी 'आणखी फक्त पाचशे येन' असा विचार करत माणूस ठरवलेल्या रकमेच्या फार पुढे निघून जातो. म्हणून वेळ वाढवण्याचा नियम खरेदीदाराच्या हिताचा आहेच, असे मी म्हणणार नाही.

सुमेध

थोडी तांत्रिक माहिती देतो. आपल्यासाठी शेवटच्या क्षणी बोली लावणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत, त्यामुळे रेवतीताईंनी जागण्याची गरज नाही. परंतु अशा सेवेला आपल्या खात्यात शिरण्याची परवानगी द्यावी लागते. म्हणून तिथला पासवर्ड इतरत्र कुठेही वापरू नये आणि काम झाल्यावर तो बदलावा.

हाताने बोली लावायची असेल, तर रक्कम आधीच भरून पुष्टीच्या पडद्यापर्यंत जाऊन थांबावे. मोबाइलच्या घड्याळावर विसंबू नये, संकेतस्थळावरचा उलटा मोजणारा काळच खरा मानावा. अगदी दोन सेकंदांवर जाण्यात शहाणपण नाही, कारण तेवढ्यात जोडणी रेंगाळली तर बोली पोहोचतच नाही. सहा ते दहा सेकंद पुरेशी असतात, कारण तेवढ्या वेळात माणसाला विचार करून उत्तर देता येत नाही.

रकमेबद्दलही एक सूचना आहे. दोन बोल्या तंतोतंत सारख्या असतील, तर आधी आलेली जिंकते. म्हणजे बरोबरीत उशिरा येणारा हरतो. बहुतेक लोक ४० किंवा ५० असे गोल आकडे टाकतात, म्हणून ४१.३७ असा आकडा टाकणे हिताचे असते. शिवाय तुमची कमाल दुसऱ्यापेक्षा एका पायरीहून कमी अंतराने पुढे असली, तरी तुम्हीच जिंकता आणि तेव्हा तुमची पूर्ण रक्कम आकारली जाते.

ॲड_करवीर

विषय पोस्टकार्डांचा आहे, परंतु अनेक वाचक हीच युक्ती बँकांच्या मालमत्ता लिलावात वापरू पाहतात, म्हणून सावध करणे मला आवश्यक वाटते. सरफेसी कायदा, २००२ (थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) अन्वये जप्त केलेल्या सदनिका व गाळे आता ऑनलाइन लिलावाने विकले जातात. त्यात शेवटच्या पाच-दहा मिनिटांत बोली आली, की वेळ आपोआप वाढण्याची अट बहुधा असते. नेमकी मुदत त्या त्या लिलावाच्या अटींत दिलेली असते. तिथे शेवटच्या सेकंदाला बोली लावून काहीच साधत नाही. उलट इंटरनेट बंद पडले तर त्याची जबाबदारी बँक घेत नाही, असे त्या अटींतच लिहिलेले असते.

खरी तयारी लिलावाच्या आधी करायची असते. विक्री 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर असते, म्हणून सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर आणि वीजबिल यांची चौकशी स्वतः करावी लागते. बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की केवळ सांकेतिक, हे विचारून घ्यावे, कारण सांकेतिक ताबा असलेल्या घरात अजून कोणीतरी राहत असते. बोली मंजूर झाली, की अनामत रक्कम धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी भरावी लागते, आणि उरलेली विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी संमतीने मुदत वाढवली नाही आणि रक्कम भरली गेली नाही, तर भरलेली रक्कम जप्त होते. लिलावाच्या भरात ठरवलेल्या आकड्याच्या पुढे गेलेल्या माणसांचे पैसे असे बुडालेले मी पाहिले आहेत. गृहकर्जाच्या भरवशावर बोली लावणाऱ्यांनी तर कर्जाची मंजुरी हातात असल्याशिवाय उतरूच नये.

मोडी_वाचक

वेळ वाढवण्याचा नियमही जिथे अपुरा पडतो, तिथे आणखी कडक उपाय असतो. २०१० सालचा थ्रीजी स्पेक्ट्रमचा लिलाव ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला व सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. तिथे शेवटपर्यंत दबा धरून बसणे शक्यच नव्हते, कारण आधीच्या फेऱ्यांत पुरेशी बोली न लावणाऱ्याचा पुढे बोली लावण्याचा हक्कच कमी होत जाई. स्पेक्ट्रमचे लिलाव आखताना असा नियम ठेवण्याची पद्धत अमेरिकेत १९९४ पासून रूढ झाली. ती घडवण्यात मोठा वाटा असलेल्या पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० साली नोबेल मिळाले.

केतकी_लेस्टर

माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला मिळाली. गणिती यांचा बंद लिफाफ्याचा विचार मला पूर्णपणे पटला. यापुढे दुर्मीळ कार्डावर मी एकच बोली लावेन, ती शेवटच्या दहा सेकंदांत, आणि रक्कम आदल्या दिवशी ठरवून कागदावर लिहून ठेवलेली असेल. नेहमी मिळणाऱ्या कार्डांवर मात्र रेवतीताईंप्रमाणे आधीच रक्कम सांगून मोकळी होईन.

आता अडचण उरते ती रक्कम ठरवण्याची. ज्या कार्डाची विक्री मी कधी पाहिलीच नाही, त्याची किंमत कशी ठरवावी?

दप्तर_विक्री

केतकीताई, बोली लावण्यापूर्वी दोन-तीन दिवस आधीच विक्रेत्याकडे मागच्या बाजूचे छायाचित्र मागा. अनेक जण फक्त चित्राची बाजू दाखवतात आणि शेवटच्या दिवशी विचारल्यास उत्तर वेळेवर येत नाही. पत्ता आणि मजकूर यांसाठी पाठीमागे दोन भाग करण्याची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ पासून मिळाली. त्यापूर्वी एक बाजू फक्त पत्त्यासाठी असे, म्हणून निरोप चित्राच्या कडेला लिहिलेला दिसतो. अशी अखंड पाठ असलेली कार्डे जुनी, म्हणून सहसा महाग असतात. टपालाचा शिक्का स्पष्ट वाचता येत असेल आणि तो चित्रातल्याच गावाचा असेल, तर किंमत आणखी वाढते. कोपरे दुमडलेले असतील किंवा अल्बममधून ओरबाडून काढल्याच्या खुणा असतील, तर ती निम्म्यावरही येऊ शकते. त्यानंतर त्याच प्रकाशकाच्या इतर गावांच्या कार्डांचे झालेले व्यवहार पाहा. पूर्ण झालेल्या विक्रीच्या किमती संकेतस्थळावर शोधता येतात. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती मात्र विचारात घेऊ नका, कारण त्या किमतीला ते कार्ड कोणी घेतलेले नसते.